वरच्या मजल्याच्या सळया

बाबा ड्राफ्ट्समन होते. फोर्टात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात त्यांनी ३४ वर्षं टी-स्क्वेअर सरकवला. शाळेला सुट्टी असली की कधीमधी मलाही सोबत न्यायचे. डोंबिवलीहून लोकल, मग व्हीटीहून चालत. ऑफिसात शिरताच प्रिंट काढायच्या मशीनचा अमोनियाचा वास नाकात जायचा. मी उंच स्टुलावर बसून त्यांचा हात बघत राहायचे. ट्रेसिंगवर शाईने मारलेली रेघ चुकली तर ती रबराने जात नाही. बाबांकडे त्यासाठी दाढीच्या ब्लेडची अर्धी पात असायची. ती आडवी धरून, कागदाला इजा न करता, ते शाई हलकेच खरवडायचे. मग ती जागा नखाने घासून पुन्हा गुळगुळीत करायची आणि तिथूनच नवी रेघ मारायची. एका कोपऱ्यासाठी पाऊण तास गेलेला मी पाहिला आहे.

दुपारी डबा खाऊन झाला की आम्ही ओव्हल मैदानाच्या कडेने चालायचो. समोर राजाबाई टॉवर. बाबा दर वेळी तेच सांगायचे, "हा ज्याने काढला ना, तो मुंबईत कधी आलाच नाही. लंडनला बसून काढला, आणि नकाशे बोटीने आले." मला ते फार आश्चर्याचं वाटायचं. २८० फुटांचा मनोरा, आणि काढणाऱ्याने त्याची सावलीही पाहिलेली नाही! बाबांना त्यात आश्चर्य वाटत नसे. त्यांनी स्वतः काढलेल्या कितीतरी इमारती त्यांनीही उभ्या राहिलेल्या पाहिल्या नव्हत्या. साइटवर साहेब जात, ड्राफ्ट्समन नाही.

टॉवर काढणारा माणूस म्हणजे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले, आईचं नाव मनोऱ्याला दिलं. १८६९ साली पाया घातला आणि १८७८ च्या नोव्हेंबरात काम पुरं झालं. स्कॉट त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे जे पुतळे आहेत, ते मात्र लंडनहून आलेले नाहीत. ते मुकुंद रामचंद्र नावाच्या इथल्याच सहायक इंजिनियरने घडवले. बाबा हे नाव ठासून उच्चारायचे.

या स्कॉटांना एक नातू होता आणि त्याच्याही नशिबी असंच काहीसं लिहिलेलं होतं, हे मला कळलं तेव्हा बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती.

माझा भाचा लिव्हरपूलला नोकरी करतो. तिकडे गेले होते तेव्हा एका संध्याकाळी तो मला तिथल्या कॅथीड्रलला घेऊन गेला. टेकाडावर उभी असलेली ती तांबड्या दगडाची वास्तू लांबून अंगावर येते. खरं सांगायचं तर बाहेरून मला ती जराशी जड, रागीट वाटली. आत गेले आणि बोलणंच खुंटलं. मधल्या मनोऱ्याखाली जी मोकळी जागा आहे तिथे उभं राहून वर पाहिलं तर नजर टेकायला काही सापडेना. खांबाला हात लावला. दगड गार होता आणि दाणेदार, जाड रव्यासारखा. यातला बहुतेक वालुकाश्म त्याच शहरातल्या वूल्टनच्या खाणीतला आहे.

"मावशी, हे ज्याने काढलं तो तेव्हा २२ वर्षांचा होता," भाचा म्हणाला. "आणि बांधकाम चालू असताना त्याने आपलंच डिझाइन रद्द करून नवं काढलं."

मला ब्लेडची अर्धी पात आठवली.

त्या दिवसापासून जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या माणसाने मला धरून ठेवलं आहे. जन्म १८८० चा, लंडनमधला. आजोबा इतके मोठे की देशभरातल्या जुन्या चर्चांची डागडुजी त्यांच्याच हातून व्हायची. वडीलही आर्किटेक्ट, अतिशय हुशार, पण मन ताळ्यावर राहिलं नाही. जाइल्स तीन वर्षांचा असताना त्यांना वेडं ठरवण्यात आलं. वडिलांना आपण जन्मात दोनदाच पाहिल्याचं आठवतं, असं जाइल्स पुढे सांगायचा. १८९७ साली हे वडील वारले ते लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनावरच्या मिडलंड ग्रँड हॉटेलात. ते हॉटेल त्यांच्याच वडिलांनी, म्हणजे आपल्या राजाबाई टॉवरच्या स्कॉटांनी, बांधलेलं. बापाने बांधलेल्या छताखाली मुलगा असा एकाकी संपला. ही एक ओळ वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

मुलांना वाढवलं आईने. आठवडाभर बॅटरसीमधल्या फ्लॅटमध्ये राहायचं, आणि शनिवार-रविवार आला की ससेक्समधल्या शेतावर. तिथून ती तिघा मुलांना सायकलींवर घेऊन निघायची आणि आसपासची जुनी चर्चं, वाडे बघून त्यांची चित्रं काढायला लावायची. एचिंगम गावचं एक चर्च आहे, मधोमध एकच दणकट मनोरा असलेलं. लिव्हरपूलच्या कॅथीड्रलचं बी तिथेच रुजलं असावं, असं जाइल्सच्या मुलाचं म्हणणं. मला ते पटतं. नवऱ्याच्या आजाराने घर विस्कटलेलं पाहूनही त्या बाईने मुलांना त्याच्याच धंद्याची गोडी लावली. तिच्याबद्दल याहून जास्त लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही, याची खंत वाटते.

शाळा संपली आणि जाइल्स वडिलांच्याच शिष्याकडे, टेम्पल मूर यांच्या ऑफिसात उमेदवारीला लागला. १९०१ मध्ये लिव्हरपूलने नव्या अँग्लिकन कॅथीड्रलसाठी स्पर्धा जाहीर केली. १०३ प्रवेशिका आल्या. चार्ल्स रेनी मॅकिन्टॉशसारख्या नावाजलेल्या आर्किटेक्टचीही पहिल्या फेरीतून पुढे गेली नाही. शेवटच्या पाचांत हा पोरगा होता आणि १९०३ साली तोच निवडला गेला. समितीला घाम फुटला असणार. वय २२. त्याच्या चित्रावरून तोवर प्रत्यक्षात घडलेली वस्तू एकच, तीही तंबाखूचे पाइप अडकवून ठेवायची मांडणी. त्यात हा रोमन कॅथलिक, आणि देऊळ बांधायचं दुसऱ्या पंथाचं. शेवटी तोडगा काढला. परीक्षकांपैकी एक, ७६ वर्षांचे जॉर्ज बॉडली, यांना जोडीला बसवलं. बॉडली जाइल्सच्या आजोबांचे शिष्य आणि वडिलांचे दोस्त. घरातलंच माणूस म्हणायचं.

पण जमलं नाही. बॉडलींनी अमेरिकेतल्या दोन कॅथीड्रलांचं काम घेतलं, ते लिव्हरपूलला फिरकेनासे झाले, आणि निर्णय मात्र त्यांच्याच हातात. जाइल्स राजीनामा देण्याच्या बेतात होता. एवढ्यात, १९०७ मध्ये, बॉडली वारले. आता तो २६ वर्षांचा होता आणि एवढ्या प्रचंड बांधकामावर एकटा.

खरी गोष्ट इथून सुरू होते. सातव्या एडवर्डच्या हस्ते १९०४ साली कोनशिला बसली होती. लेडी चॅपेल हा सगळ्यात आधी बांधलेला भाग १९१० मध्ये पुरा झाला. आजही तो पाहिला की कळतं, हे सुरुवातीचं काम आहे. नाजूक, नक्षीदार, जागोजागी कोरीवकाम. सुंदर आहे, पण मला तिथे गुदमरल्यासारखं झालं. जाइल्सलाही बहुतेक तसंच झालं असावं. कारण त्याच वर्षी तो समितीपुढे गेला आणि म्हणाला की ज्या डिझाइनला तुम्ही बक्षीस दिलंत ते मला आता पुढे न्यायचं नाही. मूळ आराखड्यात दोन मनोरे होते. त्यांच्या जागी मधोमध एकच. नक्षी कमी, भिंतीचं मोकळं पाषाण जास्त, आणि मनोऱ्याखाली ती प्रचंड मोकळी जागा, जिथे माझं बोलणं खुंटलं होतं.

विचार करा, भिंती उभ्या राहायला लागल्या आहेत, वर्गणीदारांनी जुनं चित्र पाहून पैसे दिले आहेत, वर्तमानपत्रांत तेच छापून आलं आहे, ज्या कागदाने आपल्याला नाव दिलं तो कागद. आणि तिशीही न गाठलेला माणूस म्हणतो, ही रेघ चुकली आहे, खरवडू या. समितीने होकार दिला याबद्दल मला त्या समितीचंही मोठं कौतुक वाटतं. आपल्याकडच्या किती संस्था एवढं धाडस करतील?

पुढेही तो थांबला नाही. मनोऱ्याची रूपरेषा त्याने पुन्हा पुन्हा बदलली. जन्मभर तो त्या एका इमारतीवर रेघा मारत आणि पुसत राहिला.

१९२४ च्या १९ जुलैला, कोनशिलेनंतर बरोबर २० वर्षांनी त्याच तारखेला, मुख्य भागाचं पवित्रीकरण झालं. राजा हजर होता. जाइल्सला 'सर' किताब मिळाला. त्याच वर्षी त्याने आणखी एक स्पर्धा जिंकली, आणि लिव्हरपूलचं नावही न ऐकलेल्या माणसाला त्याचं हे काम ठाऊक असतं. लंडनची लाल टेलिफोन पेटी.

पेटीच्या डोक्यावरचा तो उथळ घुमट नीट पाहा. सर जॉन सोन या जुन्या आर्किटेक्टने बायकोच्या निधनानंतर एक थडगं उभारलं, ते सेंट पँक्रासच्या दफनभूमीत आहे. त्याचा माथा आणि या पेटीचा माथा शेजारी ठेवले की नातं लगेच कळतं. वरच्या पट्टीत राजमुकुट आहे, आणि तो मुळी भोकाभोकांचा आहे, आतली हवा खेळती राहावी म्हणून. जाइल्सच्या मनात ही पेटी पोलादी होती, बाहेरून रुपेरी आणि आतून हिरवट निळी. पोस्ट खात्याने ती बिडाची केली आणि लाल रंगवली. नंतर १९३५ मध्ये, पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, त्याने आटोपशीर आणि स्वस्त आवृत्ती काढली. ती साठेक हजार ठिकाणी उभी राहिली, खेड्यापाड्यांतसुद्धा. १९२४ च्या पेटीचा मूळ लाकडी नमुना लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या कमानीखाली अजून आहे.

लिव्हरपूलच्या त्या अफाट कॅथीड्रलच्या आतही अशी एक लाल पेटी ठेवलेली आहे. दगडाच्या त्या डोंगरात ती खेळण्यासारखी दिसते. भाच्याने माझा तिच्यापाशी फोटो काढला. तोच फोटो मी सगळ्यांना पाठवला, कॅथीड्रल काही फोटोत मावलं नाही.

मधल्या वर्षांत त्याने केलेलं काम मोजायला बसलं तर दम लागेल. केंब्रिजचं विद्यापीठ ग्रंथालय, टेम्सवरचा वॉटर्लू पूल. तो पूल युद्धाच्या काळात बांधला गेला आणि त्यावर राबणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. उद्घाटनाच्या भाषणात मात्र त्यांचं नावही निघालं नाही. बॉम्बने उद्ध्वस्त झालेलं हाउस ऑफ कॉमन्सचं सभागृह त्यानेच पुन्हा उभं केलं. ते पूर्वीइतकंच लहान ठेवायचं, सगळे सदस्य एका वेळी बसू शकले नाहीत तरी चालेल, हा चर्चिलचा आग्रह त्याने सांभाळला.

पण मला सगळ्यात जवळची वाटतात ती त्याची दोन वीजकेंद्रं. वीजकेंद्र म्हणजे धूर, कोळसा, घरघर. बॅटरसीच्या केंद्राला तिथल्या लोकांचा विरोध होता. इंजिनियरांनी आराखडा आधीच ठरवून टाकला होता, जाइल्सला बोलावलं ते बाहेरचं रूप सुधारायला. दुसरा कुणी असता तर वरवर रंगरंगोटी करून पैसे घेऊन गेला असता. त्याने विटांच्या त्या राक्षसी पेटाऱ्याला मान दिला. धुराड्यांना ग्रीक देवळाच्या खांबांसारख्या उभ्या पन्हळी दिल्या. ज्या बॅटरसीत तो आईजवळ लहानाचा मोठा झाला, तिथल्याच आकाशात. दुसरं बँकसाइडचं, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या बरोबर समोर, नदीच्या अलीकडे. मधोमध एकच धुराडं, तेही सेंट पॉल्सच्या घुमटाहून उंच होणार नाही असं जपून ठरवलेलं. १९८१ मध्ये ते केंद्र बंद पडलं आणि २००० साली त्याचं टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय झालं. मी तिथे गेले होते. टर्बाइन हॉलमध्ये शाळेची मुलं जमिनीवर आडवी पडून छताकडे बघत होती. बाहेर येऊन मी विटांची भिंत बघत उभी राहिले. एवढी मोठी, जवळजवळ कोरी भिंत, पण कडांपाशी विटा अशा मागेपुढे घेतल्या आहेत की उन्हाची तिरीप त्यांवर थांबते. हे कागदावर काढायला हात किती ठाम लागतो, ते मला ठाऊक आहे.

कॅथीड्रल मात्र संपत नव्हतं. पहिल्या महायुद्धात माणसं मिळेनात. दुसऱ्यात बॉम्ब पडले, लेडी चॅपेलच्या रंगीत काचा फुटून गेल्या. तरी पाथरवट चढतच राहिले. १९४२ च्या फेब्रुवारीत मनोरा पुरा झाला. ३३१ फूट. शेवटच्या शिखराचा शेवटचा दगड जाइल्सने स्वतःच्या हाताने बसवला. तेव्हा तो ६१ वर्षांचा होता. खाली निम्मं शहर ढिगाऱ्यात होतं. आणि पश्चिमेकडचा लांबलचक भाग अजून बांधायचाच होता.

१९५९-६० च्या हिवाळ्यात त्याला फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता. प्लिमथच्या एका लहानशा चर्चचे नकाशे हातात होते. ते घेऊनच तो लंडनच्या हॉस्पिटलात दाखल झाला आणि खाटेवर बसून शेवटपर्यंत त्यांत दुरुस्त्या करत राहिला. ८ फेब्रुवारी १९६० ला गेला, ७९ व्या वर्षी.

त्याला लिव्हरपूललाच पुरलं आहे, बायकोशेजारी. पण आत नाही. तो कॅथलिक होता, म्हणून कॅथीड्रलच्या पश्चिम दाराबाहेर. ५७ वर्षं ज्या वास्तूवर खपला तिच्या उंबऱ्याबाहेर. त्याने काढलेलं ते पश्चिमेचं दर्शनी तोंड पुढे खर्चाअभावी साधं करावं लागलं, ते दुसऱ्यांनी केलं. १९७८ च्या ऑक्टोबरात राणीच्या उपस्थितीत काम संपल्याची प्रार्थना झाली. कोनशिलेनंतर ७४ वर्षांनी, आणि मुंबईचा राजाबाई टॉवर पुरा झाला त्याला बरोबर १०० वर्षं होत असताना.

त्या संध्याकाळी बाहेर पडल्यावर भाचा मला होप स्ट्रीटने चालत घेऊन गेला. या रस्त्याच्या एका टोकाला जाइल्सचं कॅथीड्रल आणि दुसऱ्या टोकाला कॅथलिकांचं. तिथे आपल्या नवी दिल्लीचा लट्येन्स रोमच्या सेंट पीटर्सहूनही मोठा घुमट बांधणार होता. १९३३ ला काम सुरू झालं, युद्ध आलं, पैसे संपले आणि तळघरापाशी सगळं थांबलं. त्या तळघराला लागून आता दुसऱ्याच माणसाने काढलेली, १९६७ ची, तंबूसारखी गोल इमारत आहे. आम्ही तळघरात उतरलो. विटांच्या कमानी, अतिशय देखण्या, आणि त्यांच्यावर जे यायचं होतं ते कुठेच नाही. भाचा म्हणाला, "मावशी, गावच्या घराची आठवण झाली ना?"

झाली होती.

कराडजवळ आमच्या गावी बाबांनी रिटायर झाल्यावर घर बांधलं. नकाशा अर्थातच स्वतः काढला, पाच वेळा बदलला. पैसे तळमजल्यापुरतेच होते. म्हणून स्लॅबवर नऊ कॉलमांच्या सळया तशाच उभ्या ठेवल्या, प्रत्येकी चार, एकूण ३६. वरचा मजला कधीतरी येईल म्हणून. त्या गंजू नयेत म्हणून बाबा दर मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, रेड ऑक्साइडचा डबा घेऊन वर चढायचे आणि एकेक सळई पॉलिश पेपरने घासून रंगवायचे. शेवटच्या वर्षी शिडी चढवेना. तेव्हा खाली खुर्चीत बसून वर चढलेल्या माझ्या भावाला सांगत होते, बुडाशी नीट मार, पाणी तिथेच साचतं. कपाटात त्यांच्या वरच्या मजल्याचा नकाशा आहे. जिन्याजवळची एक भिंत खरवडून सहा इंच मागे घेतलेली आहे. उजेडाकडे धरलं की तिथला कागद जरा पातळ दिसतो.

दोन वर्षांपूर्वी भाऊ म्हणाला, "ताई, सळया कापून टाकू, पत्रे टाकायला बरं पडेल." मी काही बोलले नाही. त्यानेही विषय पुढे नेला नाही.

या मेमध्ये मी आणि तो दोघंही वर गेलो. सकाळी सातला सुरुवात केली, ऊन तापायच्या आत २९ झाल्या. उरलेल्या सात संध्याकाळी. डब्यात थोडा रंग शिल्लक होता, झाकण घट्ट लावून तो जिन्याखाली ठेवला आहे.